आईचें माहेर हें कुलूप नव्हे

मराठी माणूस प्रवासांत शेजाऱ्याशीं बोलूं लागला म्हणजे तिसऱ्या वाक्याला तो ‘आपण मूळचे कोठले?’ असें विचारतो, आणि पांचव्या वाक्याला ‘मग आपलें आजोळ कोणतें?’ येथपर्यंत येऊन पोंचतो. या चौकशींत त्याचा कांहीं दुष्ट हेतु असतो असें नाहीं. गांव, कुळ, आजोळ आणि सोयरीक या चार खुंट्यांवर आमची सारी ओळख टांगलेली आहे. लग्नमंडपांत, पंगतींत, देवळाच्या ओट्यावर या गोष्टी मोठ्या आवाजांत विचारल्या जातात व तितक्याच मोठ्या आवाजांत सांगितल्या जातात. त्या लपविणारा मनुष्य विक्षिप्त समजला जातो. अशा या समाजांत ‘तुमच्या आईचें लग्नापूर्वींचें नांव काय?’ हा प्रश्न कोणा शहाण्यानें तिजोरीच्या कुलपाला किल्ली म्हणून बसवावा, आणि तीच किल्ली आम्ही पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या गांवाच्या हातांत देत आलों आहों हें कोणाच्याही ध्यानांत येऊं नये, याहून मोठा विनोद शोधूनही सांपडणार नाहीं. दुर्दैव इतकेंच कीं, हा विनोद ज्यांच्या जिवावर होतो त्यांना हसूं येत नाहीं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कांहीं विद्यार्थ्यांसह जव्हार तालुक्यांतील दाभोसा येथें जाण्याचा योग आला. लेंडी नदी तेथें सुमारें ३०० फूट खालीं उडी घेते. तो देखावा पाहावयास मुंबई-नाशिककडील मंडळी येतात, चार घटका भिजतात आणि परत जातात. आम्हीही तसेच परतत असतां वाटेंतील एका पाड्यावर किराणा मालाच्या दुकानांत चहासाठीं थांबलों. दुकानाच्या फळीपाशीं पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी होती. सरकारी योजनेचे पैसे आपल्या खात्यांत दोन महिने जमा झाले नाहींत अशी तिची समजूत होती. खरें काय तें बँकेच्या मदतकेंद्राला विचारावें म्हणून दुकानदारानें आपल्या मोबाइलवरून फोन लावून दिला होता. बाईला नीट ऐकूं यावें म्हणून त्यानें आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळें दुकानांतील आम्हां सर्वांना तें संभाषण ऐकणें भागच पडलें.

पलीकडील तरुणानें प्रथम जन्मतारीख विचारली. बाईनें तोंड उघडण्यापूर्वींच दुकानदारानें ‘एक जानेवारी’ असें सांगून टाकलें. त्यासाठीं कागद पाहण्याची त्याला गरजच नव्हती. ज्यांच्या जन्माची नोंद कोणीं ठेवली नाहीं अशा असंख्य लोकांच्या कागदपत्रांवर लिहिणाराच्या सोयीनें हीच तारीख पडलेली असते. वर्ष तेवढें निरनिराळें. मग दुसरा प्रश्न आला : ‘आपल्या आईचें लग्नापूर्वींचें नांव सांगा.’ बाईनें तें सांगितलें. बाकावर बसलेल्या दोघी बायकांनीं तेंच नांव उच्चारून तिला दुजोरा दिला. त्यांतील एकीचें माहेर त्याच गांवचें होतें. पलीकडून उत्तर आलें कीं, हें नांव आमच्या नोंदीशीं जुळत नाहीं. बाईनें पुन्हां सांगितलें, मग जरा चिडून सांगितलें. तरुणानें नियमाप्रमाणें क्षमा मागितली आणि फोन बंद केला.

दुकानदाराचा खुलासा असा कीं, खातें उघडण्याच्या वेळीं अर्ज भरणाऱ्या मुलापुढें शंभर माणसें रांगेंत उभीं होतीं. त्यानें त्या रकान्यांत आईचें सासरचें नांव लिहिलें असेल, या बाईचेंच माहेरचें नांव लिहिलें असेल, किंवा मागच्या अर्जावरील नांव पुढें उतरविलें असेल. ‘माझ्या आयचं नांव मला ठाव नाय, आन् त्याला ठाव हाय?’ असें ती बाई आम्हांकडे पाहून म्हणाली. या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि माझ्या विद्यार्थ्यांपाशींही नव्हतें. एक दिवसाची मजुरी बुडवून व एस्‌टीचें भाडें खर्चून तालुक्याच्या गांवीं जाण्यावांचून तिला गत्यंतर उरलें नाहीं.

सुरक्षाप्रश्न नांवाच्या या युक्तीचें सारें व्यंग त्या दहा मिनिटांत उघडें पडलें. खरें उत्तर साऱ्या पाड्याला ठाऊक होतें. चुकीचें उत्तर कागदावर होतें. यदाकदाचित् अर्ज बरोबर भरला गेला असता, तर दुकानांतील कोणीही त्या बाईच्या नांवानें फोन करून तिच्या खात्याची चौकशी करूं शकला असता. अर्ज चुकला, म्हणून तिला स्वतःलाच ती करतां आली नाहीं. जें कुलूप शेजाऱ्याला उघडें आणि धन्याला बंद, त्याला कुलूप म्हणणें हा भाषेवर अन्याय आहे.

ही पद्धति आली कोठून? सन १९०६ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरचे विल्यम हेडन नांवाचे एक बँकर पेढीवाल्यांच्या सभेंत बोलतांना आपल्या बँकेची रीत सांगून गेले आहेत. नवीन खातेदाराच्या सहीच्या कार्डावर ते त्याचें जन्मस्थान, राहण्याचें ठिकाण, व्यवसाय, वय आणि आईचें लग्नापूर्वींचें आडनांव लिहून घेत. सहीचा संशय आला म्हणजे हे प्रश्न विचारीत. त्या काळीं त्या शहरांत ही युक्ति अगदींच टाकाऊ होती असें मी म्हणणार नाहीं. दूरदूरच्या देशांतून आलेलीं, एकमेकांना अनोळखी अशीं माणसें तेथें राहत होतीं. आईचें माहेर समुद्रापलीकडे राहिलेलें. आणि प्रश्न विचारणारा कारकून समोर बसून माणसाचा चेहरा पाहत होता. हें सारें सोडून नुसता प्रश्न तेवढा आमच्या बँकांनीं व कंपन्यांनीं उचलला, आणि ज्या देशांत नवी सून ‘अमक्यांची लेक’ म्हणूनच ओळखली जाते त्या देशांत आणून ठेवला.

परंतु आपल्या मायभूमींत तरी ही युक्ति टिकली काय? सन २००८ मध्यें अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचा याहूवरील पत्रव्यवहार कॉलेजांत शिकणाऱ्या एका तरुणानें उघडला. त्याला कोणतीही विद्या अवगत असण्याची गरज पडली नाहीं. जन्मतारीख, टपालविभागाचा क्रमांक आणि पतीची प्रथम भेट कोठें झाली, एवढेच प्रश्न होते; प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतींत हीं उत्तरें उघडीं पडलेलींच असतात. सन २०१५ मध्यें गूगलच्या संशोधकांनीं आपल्याकडील लक्षावधि उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आवडता पदार्थ कोणता?’ या प्रश्नाचें इंग्रजी बोलणाऱ्यांचें उत्तर पहिल्याच अंदाजांत ओळखण्याचा संभव जवळजवळ २० टक्के आढळला. आणि अमेरिकेंतील इंग्रजी बोलणाऱ्या वापरकर्त्यांपैकीं ४० टक्क्यांना, गरज पडली त्या वेळीं, स्वतःचेंच उत्तर आठवलें नाहीं. म्हणजे दाभोशाच्या त्या बाईची जी गत झाली तीच तेथील सुशिक्षितांचीही होत होती. अखेर २०१७ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें, गुप्त शब्द ठरवितांना लोकांना असले प्रश्न विचारूंच नयेत, असा दंडक घातला. ज्यांच्याकडून आम्हीं ही रीत घेतली त्यांनीं ती टाकून दिली. त्यांच्या अंगावरून उतरलेला कोट मात्र आम्ही अजून इस्त्री करून घालीत आहों.

आतां आमच्याकडील उघडेपणाचा थोडा हिशेब पाहूं. मतदारयादींत नांव, बापाचें अथवा नवऱ्याचें नांव, वय आणि घरक्रमांक छापलेला असतो. सात-बाराचा उतारा कोणालाही घरबसल्या इंटरनेटवर पाहतां येतो. लग्नपत्रिकेंत वधूचें माहेर, वराचें आजोळ व मामांचीं नांवें ठळक अक्षरांत झळकतात. वधूवरसूचक मंडळांच्या पुस्तिकांत जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ हीं सर्व दिलेलीं असतात, कारण त्यांवांचून पत्रिका जमत नाहीं. आणि आम्हां पांढरपेशांच्या घरांतून मोठ्या अभिमानानें ठेवलेले ते कुलवृत्तान्त! कोणत्या पुरुषाची पत्नी कोणाची कन्या, तिचें माहेरचें नांव काय, जन्म कोठला, हें त्यांत पिढीवार नमूद असतें. बँकेला फसवूं इच्छिणाऱ्यास यापेक्षां सोयीचा ग्रंथ कोणता मिळणार?

शिवाय आईचें ‘लग्नापूर्वींचें नांव’ या शब्दांचा अर्थ तरी एक आहे काय? इंग्रजांत लग्नानंतर स्त्रीचें आडनांव तेवढें बदलतें, म्हणून त्यांचा प्रश्न आडनांवापुरता असतो. आमच्या कित्येक घरांतून तांदळाच्या ताटांत नवें नांव लिहून वधूचें पाळण्यांतलें नांवही पुसून टाकण्याची चाल होती. माझी आई माहेरीं एक आणि सासरीं दुसरीच होती. तिच्या नांवाचे तिन्ही भाग बदलले होते. अशा मुलानें त्या रकान्यांत काय लिहावें? अर्जाचें भाषांतर करणारानें शब्द बदलले, त्यांमागचा समाज कोणता हें पाहिलें नाहीं.

आणि ही माहिती येथून पुढें अधिकच उघडी होणार आहे. महाराष्ट्र शासनानें मार्च २०२४ मध्यें निर्णय केला कीं, १ मे २०२४ रोजीं अथवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नांवापुढें शासकीय कागदपत्रांत आधीं आईचें नांव, मग वडिलांचें नांव आणि मग आडनांव लिहावें. हा निर्णय मला मनापासून मान्य आहे. शतकानुशतकें कागदावर न आलेली आई यामुळें कागदावर आली. त्याच वर्षीं ‘लाडकी बहीण’ योजनेच्या अर्जांत लाखों स्त्रियांनीं आपलें लग्नापूर्वींचें नांव व जन्मगांव भरून दिलें. त्या स्त्रियांच्या मुलांनीं बँकेंत खातीं उघडलीं म्हणजे त्यांना जो ‘गुप्त’ प्रश्न विचारला जाईल, त्याचें उत्तर अर्ज भरून देणाऱ्या प्रत्येक केंद्रांतून आधींच गेलेलें असेल. आईचें नांव लपवावें, असा सल्ला यावर कोणी देईल काय? बँकेच्या सोयीसाठीं आईनें पुन्हां पडद्याआड जावें, असें म्हणण्याचें धारिष्ट मला तरी होत नाहीं. नांव उघडें राहो; कुलूप बदला.

आक्षेपकांचें म्हणणें मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप असा कीं, लोकांनींच सावध राहावें. फसले तर दोष त्यांचा. हा ‘चोर सोडून संन्याशाला सुळीं’ देण्याचा प्रकार आहे. सावधपणानें वागूनही सन २०१३ मध्यें याहू कंपनीच्या भांडारांतून जी चोरी झाली ती खातेदारांना टाळतां आली नसती. तीन अब्ज खात्यांना ती बाधली असें कंपनीनेंच २०१७ मध्यें कबूल केलें, आणि गेलेल्या मालांत कांहीं लोकांचे सुरक्षाप्रश्न व त्यांचीं उत्तरेंही साध्या वाचतां येण्याजोग्या लिपींत होतीं. चोरीला गेलेला पासवर्ड बदलतां येतो. चोरीला गेलेलें आईचें माहेर कसें बदलणार?

दुसरा आक्षेप अधिक संभावित आणि म्हणूनच अधिक क्रूर आहे : पाड्यावरील गरिबापाशीं लपविण्याजोगें असतें तरी काय? हा प्रश्न विचारणारा आपल्या पगाराचा आंकडा सख्ख्या भावालाही सांगत नाहीं. ज्या बाईच्या घरीं महिन्याला येणारे दीड हजार रुपये हीच रोकड, तिचे दीड हजार गेले तर तिचें सर्वस्व गेलें. डिजिटल व्यवहार हें शहरी लोकांचें खूळ आहे असेंही कोणीं समजूं नये. आधारचा पहिला क्रमांकच मुळीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं दिला गेला. प्रयोग प्रथम त्यांच्यावर आणि संरक्षण प्रथम आम्हांला, हा न्याय कोठला? २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें सांगितलें कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्या निर्णयांत उत्पन्नाची मर्यादा घातलेली नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, आतां मोबाइलवर ओटीपी येतो आणि अंगठ्याचा ठसा चालतो, तेव्हां या जुन्या प्रश्नांवर शाई कशाला खर्चावी? जुना प्रश्न गेला असता तर मीं ती खर्चली नसती. दाभोशाच्या दुकानांत तो मीं माझ्या कानांनीं ऐकला. आणि नव्या उपायांतही जुनाच दोष शिरला आहे. घरांत फोन एकच असतो, आणि दिवाळीनंतर कर्ता मुलगा वीटभट्टीवर जातांना तो घेऊन जातो. मग ओटीपी भिवंडीच्या भट्टीवर येतो आणि खातेदार बाई पाड्यावर राहते. ठशाची गोष्ट तर त्याहून बिकट. दस्तनोंदणीच्या कागदांवरील ठसे उचलून, त्यांचे रबरी ठसे बनवून गुन्हे केल्याचीं उदाहरणें आपल्या देशांत पोलिसांनीं उघडकीस आणलीं आहेत. ठसा हा देखील आईच्या नांवासारखाच आहे : मनुष्य कोण हें तो दाखवितो, परंतु एकदां बाहेर गेला म्हणजे बदलतां येत नाहीं.

येथें मला जव्हारजवळच्या भूपतगडाची आठवण होते. तो गड पाहतांना विद्यार्थ्यांना मीं विचारलें कीं, आपण पासवर्डला ‘परवलीचा शब्द’ म्हणतों, तो शब्द आला कोठून? परवल म्हणजे पहारेकऱ्यांचा सांकेतिक शब्द. रात्रीं दरवाज्याशीं आलेल्या माणसानें तो उच्चारला तरच दिंडी उघडावयाची. आणि ही परवल वरचेवर बदलावयाची, हाच तिचा प्राण. किल्लेदाराच्या मातुःश्रींचें माहेर कोठलें, हा प्रश्न परवल म्हणून ठेवणाऱ्या हवालदाराला त्याच रात्रीं चाकरींतून दूर केलें असतें. ओळख आणि परवल या दोन वस्तु भिन्न आहेत, हें अक्षरशत्रु पहारेकऱ्याला कळत होतें. तें पदवीधर व्यवस्थापकांना कळूं नये काय?

म्हणून माझें मागणें स्पष्ट आहे. बँकांनीं, कंपन्यांनीं व सरकारी कचेऱ्यांनीं जन्मतारीख, जन्मगांव, शाळा आणि आईचें माहेर हे प्रश्न ओळख पटविण्यासाठीं विचारणें बंद करावें. ज्याला फोनवर गुप्त शब्द ठेवावयाचा असेल त्याला तो स्वतः निवडूं द्यावा, वाटेल तेव्हां बदलूं द्यावा, आणि अर्ज भरणाऱ्या त्रयस्थाच्या हातीं तो लिहवूं नये. ज्याला हें जमत नाहीं त्याच्यासाठीं महिन्यांतून ठरल्या दिवशीं बँकेचा माणूस पाड्यावर यावा. बाल्टिमोरच्या त्या कारकुनासारखें त्यानें निदान माणसाच्या चेहऱ्याकडे तरी पाहावें. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेनें २०२३ सालीं केला आहे. माहितीचें रक्षण न करणाऱ्यास अडीचशें कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. त्या कायद्याचें मोल, तो पाड्यावरील रांगेपर्यंत पोंचतो कीं नाहीं, यावरून ठरेल.

तें होईपर्यंत वाचकांनीं आपल्या घरापुरतें काय करावें? असा प्रश्न विचारला गेला तर खरें उत्तर देऊंच नये. आईच्या माहेराच्या जागीं ‘पितळी घंगाळ सात’ असें कांहींतरी असंबद्ध लिहावें, प्रत्येक ठिकाणीं निराळें लिहावें, आणि तें घरांतील वहींत टिपून वही कपाटांत ठेवावी. यांत असत्य बोलण्याचें पाप नाहीं. पहारेकऱ्याला परवल सांगणारा मनुष्य आपली वंशावळ सांगत नसतो. मात्र खोटें उत्तर ‘पुणें’ किंवा ‘जोशी’ असें देऊं नये, तें कोणालाही सुचेल. आधारची प्रत द्यावी लागली तर शेवटचे चार अंक तेवढे दिसतील अशी झांकलेली प्रत द्यावी, आणि ठशाचें कुलूप आधारच्या सोयींतून लावून ठेवावें. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

परंतु एवढ्यानें आपलें कर्तव्य संपलें असें सुशिक्षितांनीं मानूं नये. आपण वही ठेवूं शकतों, कारण आपल्याला लिहितां येतें; आपण तक्रार करूं शकतों, कारण आपलें इंग्रजी ऐकून पलीकडचा मनुष्य सरळ बसतो. ज्या बँकेंत आपलें खातें आहे तिला हा प्रश्न बंद करावा म्हणून एक पत्र लिहिणें प्रत्येकाला शक्य आहे, आणि तेवढें तरी आपण त्या बाईचें देणें लागतों. निघतांना मीं तिला म्हटलें, ‘मावशी, चूक तुमची नाहीं, कागदाची आहे.’ ती म्हणाली, ‘मंग कागदालाच इचारा कीं, सर.’ तेंच विचारण्यासाठीं मीं हा लेख लिहिला आहे.